मित्राला आलेला मेल

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक स्वतः कधीच अडचणीत नसतं, अडचणीत असतो त्याचा मित्र. मित्राच्या मोबाईलमधले फोटो उडालेले असतात, मित्रानं कुठली तरी लिंक दाबलेली असते, मित्राला बायकोनं लॉकचा नंबर विचारलेला असतो. इतक्या वर्षांत यातल्या एकाही मित्राचं तोंड मी बघितलेलं नाही. "मित्राला म्हणावं, असं असं करा," एवढं मी सांगते, आणि गिऱ्हाईक घाम पुसत निघून जातं.

मानवतच्या बसस्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मूळचं ते घड्याळाचं, आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. मोबाईल आले आणि लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून कपाटात टाकली. मालक डोक्याला हात लावून बसले, तेव्हा मी परभणीला जाऊन दुरुस्ती शिकून आले. डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू काढायची सवय मला आधीचीच. माझा हात त्यांच्यापेक्षा हलका आहे हे ते चारचौघांत सांगायचे, घरात मात्र कधी कबूल केलं नाही. आता ते नाहीत. दुकानं गल्लोगल्ली झालीत, पण बायका-मुली अजून माझ्याकडंच येतात, कारण माझ्या दुकानाचा एकच कायदा आहे. मोबाईलमधलं मोबाईलमध्येच. पडदा बदलला की तो चालतो का हे मी गिऱ्हाईकासमोर आकडे दाबून बघते. फोटो उघडत नाही, कुणाचे मेसेज वाचत नाही आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. एकीचा मोबाईल ताकाच्या भांड्यात पडला, तर तो आठवडाभर उन्हात वाळवून, आंबट वास येईपर्यंत वाट बघून मग घेऊन आली. एक सासूबाई सुनेचा मोबाईल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, असा दुरुस्त करा की हिच्या माहेरचा फोन लागायलाच नको. मी तो असा झकास करून दिला की पूर्वी गच्चीवर जाऊन बोलणारी सून आता चुलीपाशी बसून आईशी बोलते. सासूबाईंनी पुन्हा तोंड दाखवलं नाही.

पण हसण्यावारी नेता येत नाहीत ते धमकीचे मेल. हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक दिवस तुमच्या मेलवर इंग्रजीत मजकूर येतो. मी तुझा मोबाईल हॅक केलाय, कित्येक महिने तुला बघतोय, तू एकटा असताना काय काय बघतोस ते मला ठाऊक आहे, तुझ्याच कॅमेऱ्यातून मी तुझा व्हिडिओ काढलाय. अमुक वेळेच्या आत बिटकॉइनमध्ये पैसे पाठव, नाहीतर तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना तो व्हिडिओ जाईल. आणि कुणाला सांगू नको.

आता खरी गोष्ट. हा मेल पाठवणाऱ्यानं तुमचा मोबाईल लांबूनही बघितलेला नसतो. कुठल्या तरी वेबसाइटवरून चोरीला गेलेले मेलचे पत्ते आणि जुने पासवर्ड चोरबाजारात फिरत असतात. ते विकत घ्यायचे आणि एकच मजकूर सगळ्यांना सोडून द्यायचा, एवढाच त्याचा उद्योग. म्हणून त्यात तुमचं नाव नसतं, गावही नसतं, फार तर तो जुना पासवर्ड असतो. व्हिडिओ आहे म्हणतो पण दाखवत नाही. कधी तो मेल तुमच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो आणि माणूस गार पडतो, की हा खरंच आत शिरला. पण पोस्टाच्या पाकिटामागं पाठवणाऱ्याचं नाव कुणी काहीही लिहावं, पोस्टमन थोडाच विचारतो? मेलचंही तसंच आहे. पैसे द्यायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही, त्यातलं काही दाबायचं नाही. पासवर्ड बदलायचा, खात्याला दुसरी कडी म्हणजे मोबाईलवर येणारा कोड लावायचा, आणि मेल पुसायच्या आधी पोलिसांत दाखवायचा. बस्स.

आमच्याकडच्या काही लोकांना तर बिटकॉइननंच वाचवलं. मोंढ्यातले, म्हणजे इथल्या घाऊक बाजारातले, कापसाचे एक व्यापारी मित्राचा मेल घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "हे बिटकॉइन मोंढ्यात कुणाकडं मिळंल?" मी म्हटलं, मोंढ्यात मिळत असतं तर तुमच्या मित्रानं आतापर्यंत घेतलं असतं.

सगळंच खोटं असतं असंही नाही. वालूरचा एकजण अनोळखी बाईच्या व्हिडिओ कॉलमध्ये फसला. त्याचं चित्रण खरंच झालं होतं आणि ते त्यालाच पाठवून पैसे उकळणं चालू होतं. ज्याच्याकडं खरं असतं तो आधी दाखवतो, हे मला त्या प्रकरणात कळलं. तो माझ्याकडं आला तेव्हा पार खंगला होता, त्याला घेऊन मीच पोलीस ठाण्यात गेले. नंतर समोरच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं की हा माणूस त्याआधी दोन-तीनदा येऊन तिथं चहा पीत बसला होता, माझ्या दुकानाकडं बघत. दुकानात बाई, सांगू कसं, म्हणून उठून जायचा. मला तेव्हापासून समोर कुणी उगाच बसलेलं दिसलं की चैन पडत नाही.

आता प्रल्हादबाबूंच्या घरची गोष्ट सांगते. नावं बदललीत. त्यांची परवानगी आहे, म्हणजे त्यांनीच लिहा म्हणून सांगितलंय.

प्रल्हादबाबू एका कॉलेजात हेडक्लार्क. स्वभावानं सरळ रेष, विहारात वर्गणीचा हिशोब त्यांच्याकडंच. घरात बायको शांताबाई, मुलगा अजय आणि मुलगी सुजाता. सुजाता नर्सिंग करून परभणीला एका दवाखान्यात लागलेली, लग्नासाठी सुट्टी घेऊन घरी आली होती. सोयरीक गंगाखेडची. त्या दिवशी संध्याकाळी तिकडची मंडळी पत्रिकेचा मजकूर ठरवायला येणार होती, हे मला आदल्या दिवशीच शांताबाईंनी पेढ्यासोबत सांगितलं होतं.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर अजय. पोरगा एरवी मोठ्यानं हसत येणारा, त्या दिवशी आवाज बसलेला. मोबाईल काउंटरवर ठेवला तर पुढच्या कॅमेऱ्यावर जखमेवर लावायची पट्टी चिकटवलेली. म्हणाला, काकू, ऑफिसातल्या एका मित्राला असा असा मेल आलाय. मी म्हटलं, मित्राला सांग, खोटं आहे, जेव. त्यानं विचारलं, पण त्यात पासवर्ड खरा आहे. मी म्हटलं, जुना असंल, बदलून टाक म्हणावं. जाताना दारातून परत फिरला.

"काकू, पप्पांला काई बोलू नका."

"तुझ्या मित्राचं मी तुझ्या पप्पांना कशाला सांगू?" म्हटलं. कान लाल करून गेला.

दुपारी प्रल्हादबाबू आले. हा माणूस मोबाईलच्या दुकानात शिरतानाही चप्पल काढतो. बाकावर बसले, पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलले. मग खिशातून मोबाईल काढला. कॅमेऱ्यावर शांताबाईंची टिकली चिकटवलेली. मी भिंग काढून ठेवलं.

म्हणाले, कॉलेजातल्या एका सहकारी मित्राची अडचण आहे. मजकूर सांगत होते तेव्हा त्यांचा अंगठा त्या टिकलीवर दाबून धरलेला होता. मी तेच सांगितलं जे सकाळी सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही हे दिसत होतं. "त्यात लेकीचं नाव हाय, ताई," ते एकदम म्हणाले आणि जीभ चावली. "म्हंजे त्या मित्राच्या लेकीचं. नावानिशी लिवलंय. त्याच्या हातून काई चूक झाली आसंल तर ती त्याची. लेकीच्या लग्नात कशाला?"

मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण त्याच वेळी दोन गिऱ्हाईकं आत आली. बाबू उठले आणि चप्पल घालून गेले.

ते गेल्यावर डोक्यात चक्र फिरायला लागलं. नवा मोबाईल घेतला की त्यात मेलचं खातं टाकावं लागतं. आमच्याकडं गिऱ्हाईक म्हणतं, नवीन कशाला, घरचंच टाका. एका घराला एक रेशनकार्ड तसं एक खातं. बाबूंच्या घरचे सगळे मोबाईल माझ्याकडूनच गेलेले, तिन्हींत बाबूंच्याच नावाचं एकच खातं. म्हणजे मेल आलेला एकच, आणि तो बाप, मुलगा आणि मुलगी अशा तिघांच्या मोबाईलवर एकाच वेळी टिंग करून उतरलेला. प्रत्येकानं कोपऱ्यात जाऊन एकट्यानं वाचला आणि प्रत्येकाला वाटलं, हा मलाच आहे.

आणि पासवर्ड? आमच्याकडं पासवर्ड म्हणजे लेकरांची नावं. पहिल्या मोबाईलच्या वेळी बाबूंनी याच काउंटरवर वाकून, मोठ्या कौतुकानं सांगितला होता. सुजाता, आणि पुढं तिचं जन्मसाल.

मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असणार, तुझा पासवर्ड मला ठाऊक आहे, आणि पुढं सुजाता. घाबरलेल्या माणसाला पासवर्ड हा शब्द दिसत नाही, पोरीचं नाव दिसतं. बापाला तसंच दिसलं होतं. मग खुद्द सुजातानं ते वाचलं असेल तर तिला काय दिसलं असेल?

हा विचार मनात आला आणि समोर शांताबाई उभ्या. घामाघूम, पदर खोचलेला, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. काउंटरवर ठेवलं. टॉवेल उलगडला तर सुजाताचा मोबाईल, बंद केलेला.

"ताई, पोरीनं सांगितलंय, काकूच्या हातानं हे फोडून घे. उघडू नको म्हणावं. फोडच."

मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, सकाळधरून जेवली नाही, खोलीत बसून रडतेय, आता रडायचं पण थांबली. सोयरीक मोडा म्हणतेय. पाहुण्यांना येऊ देऊ नका म्हणतेय. का, ते सांगत नाही. बापाला सांगितलं तर बाप भिंतीकडं बघत उभा राहिला आणि बाहेर निघून गेला. भाऊ पण गेला. "माझ्या घराला कुनाची नजर लागली, ताई?"

बाप का गेला ते मला कळलं होतं. त्याला वाटलं, व्हिडिओ गंगाखेडला पोचला आणि पोरीला माझ्यामुळं नाही म्हणावं लागतंय. भावालाही आपल्याबद्दल तेच वाटलं असणार. तिघं तीन दिशांना तोंड करून स्वतःलाच दोष देत होते.

"घरी कोण हाय आत्ता?" मी विचारलं.

"कोनी न्हाई. तीच."

बाबूंना फोन लावला, बंद. अजयला लावला, बंद. मोबाईलमधून कुणी बघतंय म्हणून दोघांनी बंद करून ठेवलेले. पोरीचा तर माझ्या हातात. घरात तीन-तीन मोबाईल आणि एकालाही फोन लागेना. शेजारी कुणाचा नंबर आहे का विचारलं, तर शांताबाईंना पाठ नव्हता. मी शटर अर्धं ओढलं, कुलूप लावायचं भानही राहिलं नाही, आणि स्कूटी काढली. शांताबाई मागं बसल्या, मोबाईल छातीशी धरून. मोंढ्यासमोर कापसाच्या गाड्या आडव्या लागलेल्या. मी आयुष्यात कुणाला दिल्या नसतील अशा शिव्या त्या गाडीवानांना दिल्या. शांताबाई मागून एकच विचारत होत्या, मी तिला एकटी सोडायला नको होती का? मी म्हटलं, गप बसा. फार कडक बोलले, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

घराचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीला कडी. शांताबाईंनी हाका मारल्या, ओ नाही. मी दारावर थापा मारल्या. आतून काही आवाज नाही, पंख्याचासुद्धा नाही.

"सुजा, मी काकू. मोबाईल फोडला न्हाई मी. उघडला पन न्हाई. पन त्यात काय हाय ते मला ठाऊक हाय. धमकीचा मेल हाय ना?"

बऱ्याच वेळानं आतून कपाट सरकल्यासारखा आवाज आला. ती जिवंत आहे एवढंच मला त्यातून कळलं आणि मी भिंतीला टेकले.

मग मी बोलत राहिले. तो मेल खोटा आहे, गावोगाव असाच जातो, त्याच्याकडं काही नाही. ती आतून म्हणाली, "माझं नाव हाय त्यात, काकू. बाकीच्यांच्यात नाव असतं का?" आवाज अगदी थंड. मी सांगितलं, ते नाव नाही, तो पासवर्ड आहे, तुझ्या घरच्या खात्याचा, तू शाळेत होतीस तेव्हापासूनचा. ती म्हणाली, मोबाईल माझ्या हॉस्टेलच्या खोलीत रात्रंदिवस असायचा, कपडे बदलताना, आंघोळीला जाताना, सगळीकडं. तुम्हाला काय माहीत त्यानं काय बघितलं? त्या पोरीनं काही केलेलं नव्हतं. फक्त जगली होती, मोबाईल जवळ ठेवून. आणि तेवढ्यावर ती स्वतःला पुसून टाकायला निघाली होती. मला इतका संताप आला त्या मेलवाल्याचा, की तो समोर असता तर सोल्डरिंगची तापलेली सळई त्याच्या बोटांवर ठेवली असती.

मग तिनं नेमका प्रश्न विचारला.

"घरच्या खात्याचा पासवर्ड हाय म्हनता, तर मग हा मेल पप्पांला आन् दादाला पन आला आसंल. आलाय का?"

तोंडाशी आलेलं, सांगून टाकावं. एवढं 'हो' म्हटलं की दार उघडलं असतं. पण सकाळी एकानं, दुपारी दुसऱ्यानं ते माझ्या काउंटरवर विश्वासानं ठेवलं होतं. वीस-बावीस वर्षांचा कायदा आडवा आला. शांताबाई माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. आतून ती म्हणाली, "बघा. न्हाई ना आला. मलाच आलाय."

आता मोडायचा कायदा, गेला खड्ड्यात, असं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आलाय."

प्रल्हादबाबू अंगणातून आत येऊन उभे होते. कधी आले, किती ऐकलं, माहीत नाही. पायात चप्पल तशीच. ते माझ्या शेजारून पुढं गेले आणि बंद दाराला कपाळ टेकवून उभे राहिले.

"मला बी आलाय, बाळा. तोच हाय. सकाळधरून मी भेलोय. तुझं नाव वाचून भेलोय. मी कुनाला सांगितलं न्हाई, तुझ्या आईला न्हाई. मित्राला आलाय म्हनून काकूकडं जाऊन आलोय. मला बी आलाय."

बायकोसमोर, माझ्यासारख्या परक्या बाईसमोर, ज्या लेकीला आजवर आपली मान ताठच दाखवली तिच्यासमोर, तो माणूस हे बोलत होता. कडी वाजली. सुजाता बाहेर आली, बापाच्या गळ्यात पडली नाही काही. त्यांच्या हातातला मोबाईल घेतला, चालू केला, मेल उघडून वाचला. मग कॅमेऱ्यावरची टिकली बघितली आणि ती नखानं काढून आईच्या कपाळाला लावली. आणि मग जी रडायला लागली, ती बराच वेळ.

अजय आला तेव्हा चौघांचा चहा झाला होता. त्याला काही विचारायच्या आधीच त्यानं बापाच्या हातातला उघडा मेल बघितला आणि खिशातला मोबाईल काढून गुपचूप शेजारी ठेवला. पट्टी तशीच होती. कोण कशाला घाबरलं होतं, हे त्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मीही आजतागायत विचारलेलं नाही. मी तिथंच बसून तिघांची खाती वेगळी केली, पासवर्ड बदलले आणि सांगितलं, यापुढं लेकरांची नावं नकोत, आईचं नको, गावाचंही नको.

संध्याकाळी गंगाखेडची मंडळी आली. मला जाऊ दिलं नाही. पत्रिकेचा मजकूर ठरत असताना सुजातानं सगळ्यांसमोर मोबाईल काढला आणि नवऱ्या मुलाच्या हातात दिला. म्हणाली, आज आमच्या घरी हे आलं, तुम्ही वाचा. मुलानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि एकदम मोकळा होऊन म्हणाला, "आँ? हाच मेल माझ्या एका मित्राला बी आला होता."

मी आणि सुजातानं एकमेकींकडं बघायचं टाळलं. लग्न मोठ्या हौसेनं झालं.

बाबू आता निवृत्त झालेत. चार वाजले की माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन पेपर वाचत बसतात. मेल अजून येतात, मजकूर बदलत राहतो, पट्ट्या आणि टिकल्या तशाच. परवा एक मास्तर आले, बराच वेळ कव्हरं चाळत उभे राहिले, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "बाई, आमच्या एका मित्राला…"

मी काही बोलायच्या आत बाबूंनी पेपर खाली केला. बाकावर बाजूला सरकून मास्तरांना जागा केली.

"बसा, गुरुजी," ते म्हणाले. "मला बी आलता."